एसटीतला रुमाल आणि लिनक्सचं कुलूप: लॉक फाइल ठेवायची कुठे, यावरून डेबियनमध्ये वाद का झाला?

जळगावच्या बसस्थानकात धुळ्याची गाडी लागली की दरवाज्यापाशी जी झुंबड उडते, ती खान्देशात कुणाला नवी नाही. माणूस आत शिरायच्या आधी खिडकीतून रुमाल, टोपी नाहीतर पिशवी आत जाते. जागा धरली जाते. मागून आलेला विचारतो, ‘आठे कोन शे?’ शेजारचा रुमालाकडे बोट दाखवतो आणि विषय तिथेच संपतो.

खरं तर त्या रुमालात काहीच ताकद नसते. तो उचलून बाजूला टाकणं एका सेकंदाचं काम. तरी ही पद्धत चालते, कारण रुमालाचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे तो सीटवरच बघतात. उद्या कुणी म्हणालं, ‘माझा रुमाल घरी कपाटात आहे, पण सीट माझीच,’ तर त्याला पारोळ्यापर्यंत उभ्यानेच जावं लागेल.

संगणकातही असाच रुमाल असतो. त्याला लॉक फाइल म्हणतात. हा रुमाल टाकायचा कुठे, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नावरून 2025 मध्ये लिनक्सच्या जगात मोठा वाद झाला. वाद इतका वाढला की डेबियन या प्रकल्पाच्या तांत्रिक समितीला मध्ये पडून आपल्याच एका पॅकेजचा निर्णय फिरवावा लागला.

आधी झालं काय, ते बघू

लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक संगणकांमध्ये सिस्टमडी नावाचा एक प्रोग्राम असतो. संगणक सुरू झाल्यावर कोणती सेवा कधी चालू करायची, कोणती थांबवायची, तात्पुरत्या फाइलींसाठी कोणते फोल्डर तयार ठेवायचे, हे तो बघतो. सप्टेंबर 2025 मध्ये त्याची 258 वी आवृत्ती आली. त्यात एक छोटासा बदल होता. ‘/रन/लॉक’ हे फोल्डर आतापर्यंत सगळ्यांना लिहिण्यासाठी खुलं असायचं, ते आता तसं राहणार नव्हतं. (अशी नावं संगणकावर रोमन अक्षरांत असतात, इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.)

डेबियनमध्ये सिस्टमडीचं पॅकेज सांभाळणाऱ्यांनी हा बदल स्वीकारला. झालं! ज्या जुन्या प्रोग्रामना तिथे आपली लॉक फाइल ठेवायची सवय होती, ते अडखळायला लागले. त्यांना ‘परवानगी नाही’ असं उत्तर मिळू लागलं. प्रकरण तांत्रिक समितीकडे गेलं. पॅकेज सांभाळणाऱ्याचा निर्णय उलटवायचा असेल, तर डेबियनच्या घटनेनुसार समितीत साधं बहुमत पुरत नाही. एकाला तीन असं बहुमत लागतं. म्हणजे हे हत्यार रोज उपसलं जात नाही. या वेळी ते उपसलं गेलं. जुने प्रोग्राम पुन्हा चालतील इतपत खुली परवानगी या फोल्डरला द्या आणि ते प्रोग्राम दुसऱ्या पद्धतीवर नीट जाईपर्यंत ती तशीच ठेवा, असा निर्णय समितीने दिला.

डेबियन 13 वापरणाऱ्यांना या गोंधळाची झळ बसली नाही, कारण त्यात सिस्टमडीची 257 वी आवृत्ती आहे. त्रास झाला तो पुढच्या आवृत्तीची चाचणी घेणाऱ्यांना. पण चाचणीतल्या गोष्टीच उद्या सगळ्यांच्या संगणकावर येतात.

डीमन, रूट आणि लॉक: भानगड काय आहे?

डीमन म्हणजे पडद्यामागे सतत चालू असणारा प्रोग्राम. त्याला खिडकी नसते, बटण नसतं. प्रिंटरकडे कागद पाठवणारा, वेळ जुळवून घेणारा, सेन्सरकडून दर मिनिटाला आकडा घेऊन नोंदवणारा, हे सगळे डीमन.

रूट म्हणजे संगणकातल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असलेला वापरकर्ता. तो काहीही वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. म्हणूनच डीमन शक्यतो रूटच्या अधिकाराने चालवू नये, असं सांगितलं जातं. डीमनमध्ये चूक निघाली किंवा बाहेरच्या कुणी त्याचा ताबा घेतला, तर नुकसान एका खोलीपुरतं राहावं, सगळं घर जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

आता लॉक. समजा एकाच वजनकाट्याची वायर संगणकाला जोडली आहे. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक काट्यांना मागे सिरियल पोर्ट असतो, त्यातून वजनाचा आकडा बाहेर येतो. दोन प्रोग्राम एकाच वेळी तो आकडा वाचायला लागले, तर काय होईल? आकड्याचे काही अंक एकाकडे जातील, काही दुसऱ्याकडे. 1240 किलोचं पोतं-पोतं जमवलेलं वजन एकाला 12 दिसेल आणि दुसऱ्याला 40. म्हणून पहिला प्रोग्राम आधी एक छोटी फाइल तयार करतो. तिच्यात स्वतःचा क्रमांक लिहितो. दुसरा प्रोग्राम आला की आधी ती फाइल बघतो, ‘कुणीतरी बसलंय’ हे ओळखतो आणि थांबतो. काम झालं की पहिला आपली फाइल पुसतो.

इथेच खरी अडचण सुरू होते. रूटला फाइल कुठेही ठेवता येते. पण ज्या डीमनकडे रूटचे अधिकार नाहीत, त्याने ती ठेवायची कुठे?

ही जागा ठरली कशी?

ही पद्धत मोडेमच्या काळातली आहे. युनिक्सचे संगणक एकमेकांना फोनच्या वायरवरून फाइली पाठवायचे. त्यासाठी 1970 च्या दशकात बेल लॅब्जमध्ये यूयूसीपी नावाची व्यवस्था तयार झाली. मोडेम एक आणि तो वापरायला टपलेले प्रोग्राम अनेक, त्यामुळे रुमाल टाकण्याचा नियम आला.

पुढे लिनक्सचे वेगवेगळे प्रकार निघाले. कोणती फाइल कुठे ठेवायची, याबाबत सगळ्यांचं एकमत असावं म्हणून एफएचएस नावाचं मानक तयार झालं. 2015 मध्ये त्याची 3.0 ही आवृत्ती आली. सिरियल पोर्टसारख्या उपकरणांच्या लॉक फाइली ‘/वार/लॉक’ इथेच ठेवायच्या, असं त्यात सांगितलं आहे. फाइलचं नाव कसं असावं आणि आत क्रमांक किती जागेत लिहावा, हेही ठरलेलं आहे. क्रमांक 10 अक्षरांच्या जागेत लिहायचा, आकडा लहान असेल तर आधी मोकळ्या जागा सोडायच्या आणि शेवटी ओळ संपवायची. इतका काटेकोरपणा कशासाठी? तर एकाने टाकलेला रुमाल दुसऱ्याला ओळखता यावा म्हणून.

2011 च्या सुमारास ‘/रन’ हे नवं फोल्डर आलं. ते डिस्कवर नसतं, संगणकाच्या मेमरीत असतं. संगणक बंद केला की त्यातलं सगळं आपोआप पुसलं जातं. लॉक फाइलींसाठी हे सोयीचं होतं, कारण वीज गेली तरी जुने रुमाल मागे राहत नाहीत. मग ‘/वार/लॉक’ हे फक्त नावाला उरलं. ते आता ‘/रन/लॉक’ कडे बोट दाखवतं. मानक मोडायचं नाही आणि जागाही सुधारायची, असा तो मधला मार्ग होता.

सिस्टमडीची बाजू: खुल्या जागेत धोका आहे

सगळ्यांना खुली असलेली जागा म्हणजे उपद्रवालाही खुली. एखाद्याने एसटीच्या सगळ्याच सीटांवर रुमाल टाकून ठेवले तर? संगणकावर हे सहज करता येतं. कुणीही साधा वापरकर्ता तिथे हजारो फाइली तयार करून जागा भरून टाकू शकतो. ‘/रन’ मेमरीत असल्यामुळे ती भरली की बाकीच्या सेवाही अडकू शकतात. डेबियनने यावर आधीच एक उपाय केला होता. ‘/रन/लॉक’ ला वेगळी, अवघ्या 5 एमबीची जागा दिली होती. भरली तरी तेवढीच भरेल. पण हा उपाय सगळीकडे नसतो.

दुसरा धोका जुन्या रुमालाचा. प्रोग्राम मध्येच बंद पडला तर त्याची लॉक फाइल तशीच राहते. माणूस पारोळ्याला उतरून गेला, रुमाल मात्र सीटवरच. त्यात लिहिलेला क्रमांक तपासून ‘हा प्रोग्राम जिवंत आहे का’ हे बघता येतं, पण तोच क्रमांक नंतर भलत्याच प्रोग्रामला मिळालेला असू शकतो.

वर आणखी एक मेख आहे. अशा खुल्या फोल्डरला सहसा एक खास खूण लावलेली असते: रुमाल टाकायची परवानगी सगळ्यांना, पण दुसऱ्याचा रुमाल उचलायची कुणालाच नाही. ही खूण गरजेचीच आहे. पण त्यामुळे दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने उरलेली जुनी फाइल साध्या डीमनला हलवताच येत नाही. तिथे रूटच लागतो.

म्हणून रुमालाऐवजी थेट कंडक्टरकडे नोंद करा, असा एक पर्याय सुचवला जातो. कंडक्टर म्हणजे इथे लिनक्सचा कर्नल. ‘एफलॉक’ नावाच्या सोयीने प्रोग्राम कर्नललाच सांगू शकतो की ही फाइल किंवा हे उपकरण सध्या माझ्याकडे आहे. प्रोग्राम मेला की ती नोंद आपोआप सुटते. जुना रुमाल मागे राहण्याचा प्रश्नच येत नाही.

डेबियनची बाजू: सगळे एकाच ठिकाणी बघतात का?

मग एफलॉकच वापरा, विषय संपला, असं वाटेल. पण लॉक हा एकट्याचा खेळ नाही. एका प्रोग्रामने कंडक्टरकडे नोंद केली आणि दुसरा अजूनही सीटवर रुमाल शोधत असेल, तर दोघंही स्वतःला बरोबरच समजतील आणि एकाच सीटवर बसायला जातील. सगळ्या जुन्या प्रोग्रामनी एकदम पद्धत बदलली तरच नवी पद्धत उपयोगी. त्यातले कित्येक प्रोग्राम 20-30 वर्षांपूर्वी लिहिलेले आहेत.

सिरियल पोर्ट वापरणारा प्रोग्राम नव्या परवानगीत सुरूच झाला नाही, तर सामान्य माणूस काय करेल? तो बहुतेक वेळा त्याला रूटच्या अधिकाराने चालवेल. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेल्या बदलामुळे लोक जास्त असुरक्षित मार्गाला जातील. म्हणून समितीने नवी पद्धत चुकीची आहे असं म्हटलं नाही. आधी नवा पूल बांधा, मग जुना पाडा, एवढाच तिचा आग्रह होता.

मग डीमनने लॉक फाइल ठेवायची कुठे?

उत्तर एका प्रश्नावर अवलंबून आहे: हा लॉक कुणी कुणी बघायला हवा?

एक, फक्त तुमच्यासाठी चालणारा डीमन. उदाहरणार्थ, तुमच्या लॉगिनमध्ये चालणारा फाइली जुळवणारा प्रोग्राम. दुसऱ्या कुणाशी त्याचा संबंध नाही. त्याने ‘/रन/यूजर’ मधल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवावी. डेबियनवर पहिल्या साध्या वापरकर्त्याचा क्रमांक 1000 असतो, म्हणून त्याचं फोल्डर ‘/रन/यूजर/1000’. तिथे दुसरा साधा वापरकर्ता डोकावूही शकत नाही. या जागेचा पत्ता प्रोग्रामने स्वतः गृहीत धरू नये. एक्सडीजी रनटाइम डिर नावाच्या सेटिंगमध्ये तो दिलेला असतो, तिथून वाचावा. एक मात्र लक्षात ठेवायचं: वापरकर्ता पूर्ण लॉगआउट झाला की हे फोल्डर पुसलं जातं. लॉगआउटनंतरही डीमन चालू राहायला हवा असेल, तर त्या वापरकर्त्यासाठी ‘लिंगर’ ही सोय चालू करावी लागते.

दोन, संपूर्ण संगणकासाठी चालणारा, पण रूट नसलेला डीमन. त्याला स्वतःचं वेगळं वापरकर्तानाव असतं. त्याच्यासाठी ‘/रन’ मध्ये त्याच्याच नावाचं फोल्डर असावं. पण ‘/रन’ मध्ये फोल्डर तयार करायला रूट लागतो ना? त्यावर सिस्टमडीकडेच उत्तर आहे. सेवेच्या फाइलमध्ये ‘रनटाइम डिरेक्टरी’ अशी एक ओळ लिहिली की सिस्टमडी डीमन सुरू करायच्या आधी फोल्डर तयार करतो, त्याची मालकी डीमनच्या नावे करतो आणि सेवा थांबली की ते काढून टाकतो. डीमनला रूटचं तोंड बघावं लागत नाही.

तीन, अनेकांच्या सामायिक उपकरणाचा लॉक. सिरियल पोर्ट, मोडेम, काटा. इथे स्वतःचं खासगी फोल्डर कामाचं नाही, तो कपाटातला रुमाल झाला. इथे सध्या तरी ‘/रन/लॉक’ हीच ठरलेली जागा आहे, आणि नव्या प्रोग्रामनी सोबत उपकरणावर एफलॉकही घ्यावा. दोन्ही केलं की जुन्यालाही कळतं आणि नव्यालाही. डेबियनमधला वाद नेमका या तिसऱ्या प्रकारावर होता. पहिल्या दोन प्रकारांच्या प्रोग्रामनी ‘/रन/लॉक’ मध्ये गर्दी करायचं कारणच नाही.

आणि ‘/टेंप’? ती तर सगळ्यांना खुली आहे, सगळ्यांना पाठ आहे. पण लॉकसाठी ती वाईट जागा. तिथे आधीच माहीत असलेल्या नावाची फाइल ठेवली, तर दुसरा कुणी त्याच नावाने आधीच सापळा लावू शकतो. त्या नावाचा दुवा भलत्याच महत्त्वाच्या फाइलकडे वळवून ठेवला की डीमन नकळत तीच फाइल बिघडवतो. 2012 पासून कर्नलमध्ये याला अटकाव करणारी सोय आहे, पण तिच्या भरवशावर राहणं शहाणपणाचं नाही. शिवाय डेबियन 13 मध्ये नव्याने बसवलेल्या संगणकावर ‘/टेंप’ मधल्या 10 दिवस न वापरलेल्या फाइली आपोआप साफ होतात. महिनाभर चालणाऱ्या डीमनचा रुमाल मध्येच झाडूवाल्याने उचलून नेला, तर दोष कुणाला द्यायचा?

याचा जळगाव-धुळ्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची अधिकृत प्रणाली डेबियनवर उभी आहे. सीडॅकने तयार केलेली भारताची बॉस लिनक्स हीदेखील डेबियनवरच आधारलेली. या सीडॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. डेबियन बसवताना भाषेच्या यादीत मराठीही दिसते. त्यामुळे डेबियनची समिती काय ठरवते, ते जळगाव किंवा धुळ्याच्या प्रयोगशाळेत बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतंच.

आर्डुइनो बोर्ड लिनक्सला जोडणाऱ्या अनेकांनी हा प्रश्न वेगळ्या रूपात पाहिलेला आहे. आर्डुइनोचा जुना प्रोग्राम बोर्डाशी बोलण्याआधी ‘/वार/लॉक’ मध्ये फाइल ठेवायचा. परवानगी नसली की ‘लॉक फाइल तयार करता आली नाही’ असं सांगून थांबायचा. मग शोधाशोध केली की पहिला सल्ला ठरलेला: ‘सुडो लावून चालव.’ दुसरा सल्ला: ‘सगळ्या फोल्डरला 777 परवानगी देऊन टाक.’ दोन्हींनी प्रोग्राम चालतो. आणि दोन्हींनी घराचं दार सताड उघडं राहतं.

योग्य मार्ग फार अवघड नाही. डेबियनवर सिरियल पोर्ट वापरायचा असेल तर त्या वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घालावं, एकदा लॉगआउट करून परत यावं. दर 5 मिनिटांनी चालणारं एखादं काम आधीचं संपायच्या आत पुन्हा सुरू होऊ नये असं वाटत असेल, तर आज्ञेच्या आधी ‘एफलॉक’ हीच आज्ञा लावता येते. लॉक फाइलचा हिशेब स्वतः ठेवायची गरज उरत नाही. आणि डीमनसाठी वेगळा वापरकर्ता काढून सेवेच्या फाइलमध्ये ती एक ओळ लिहायची.

जिथे तापमान आणि वाऱ्याच्या नोंदींवर केळीच्या विम्याची भरपाई ठरते, त्या जळगाव जिल्ह्यात एका आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको. हवामानाची नोंद असो, काट्यावरचं वजन असो की प्रयोगशाळेतलं मोजमाप, दोन प्रोग्रामनी एकाच वेळी वायरीला हात घातला तर आकडा चुकतो. बरेचदा चुकला हे कळतही नाही. स्क्रीनवर लाल अक्षरं येत नाहीत, आकडा मात्र वहीत जातो.

शेवटी मुद्दा काय?

हा वाद वरून परवानग्यांचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी सामायिक जागेचा प्रश्न आहे. आपली वस्तू आपल्या खोलीत ठेवावी, हे सिस्टमडीचं म्हणणं खरं आहे. चौकातली वस्तू चौकातच ठेवावी लागते, हे डेबियनच्या समितीचं म्हणणंही खरं आहे. चूक झाली ती घाईची: चौक आधी बंद केला आणि ‘आता कुठे जमायचं’ हे ठरवायचं राहून गेलं.

पुढे कधीतरी सगळे प्रोग्राम कंडक्टरकडेच नोंद करतील आणि ‘/रन/लॉक’ ची गरज संपेल. समितीच्या निर्णयातही ती वाट मोकळी ठेवलेली आहे. तोपर्यंत मात्र धुळ्याच्या गाडीचा नियमच इथे चालेल. जागा सगळ्यांची असेल, तर रुमालही सगळ्यांना दिसेल तिथेच टाकायचा.